आपल्यावाचून कोणाचे अडते?

घरी असलेल्या माणसाला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. वेळ आहे ना, मग वाचन कर, व्यायाम कर, एखादा छंद लावून घे, असे ते सांगतात. हेतू चांगलाच असतो. पण मोकळा वेळ हाती आला की माणूस तो आपोआप चांगल्या कामी लावतो, असे त्यात गृहीत धरलेले असते. ते खरे नाही. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत असे दिवस काढणारी माणसे गावोगाव आहेत. पदवी घेऊन भरतीच्या जाहिरातीकडे डोळे लावून बसलेली मुले, डी.एड., बी.एड. होऊन लग्नानंतर घरीच राहिलेल्या मुली, पन्नाशीत हातचे काम सुटलेले कर्ते पुरुष. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षांसाठी खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा २०१६ साली ३३ वरून ३८ झाली, मागासवर्गीयांसाठी ती ४३ झाली. संधी वाढली हे बरेच झाले, पण तिच्यासोबत वाट पाहण्याची वर्षेही वाढली. उमेदीची इतकी वर्षे ‘नोकरी लागल्यावर जगू’ म्हणत काढता येत नाहीत. माझे म्हणणे असे, की घरचा दिवस आवडीनिवडीने भरत नाही. घराबाहेर कोणाचे तरी ठरल्या वेळी आपल्यावाचून अडते, तेव्हा तो भरतो.

या प्रश्नाचा फार बारकाईने केलेला अभ्यास ऑस्ट्रियातल्या मारिएंताल या गावाचा आहे. व्हिएन्नाजवळचे हे गाव एका कापड गिरणीवर जगत होते. १९२९-३० च्या मंदीत गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव एकदम बेकार झाले. मारी याहोदा, पॉल लाझर्सफेल्ड आणि हान्स झायझेल या तरुण संशोधकांनी तिथल्या दिवसांची नोंद केली. त्यांचे पुस्तक १९३३ साली निघाले. गावात ग्रंथालय होते, वाचायला वेळच वेळ होता, पुस्तकांचे शुल्कही माफ केले होते. तरीही दोन वर्षांत पुस्तके नेण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. पुरुष रस्त्याने रेंगाळत चालत, मध्येच थांबत. आज काय केले, असे विचारले तर उठलो, जेवलो, झोपलो यापलीकडे त्यांना फारसे सांगता येत नसे. बायका मात्र भराभर चालत, कारण चूल आणि मुले यांतून त्यांची सुटका झालेली नव्हती. याहोदांनी पुढे अनेक वर्षांनी त्याचा अर्थ लावला. नोकरी पगाराखेरीज दिवसाला आखणी देते, घराबाहेरची माणसे देते, चारचौघांनी मिळून करायच्या कामात वाटा देते, समाजात ओळख देते आणि हातपाय चालते ठेवते. पगार मोजता येतो, बाकीचे नजरेत भरत नाही, आणि नोकरी गेली की सगळेच एकदम जाते. छंदाचा सल्ला त्यांतले हातपाय तेवढे परत देतो.

नव्वद वर्षांपूर्वीच्या परक्या गावाचा दाखला मराठवाड्यात कशाला, असे कोणी म्हणेल. आपल्याकडे कुटुंब पाठीशी असते, थोडीफार शेती असते. पण गिरणी बंद पडणे म्हणजे काय, हे निझामाच्या काळापासूनची उस्मानशाही मिल बंद झालेली पाहिलेल्या नांदेडला सांगायला नको. शेतीचे म्हणाल, तर सोयाबीन हे शंभरेक दिवसांचे पीक. पेरणी ट्रॅक्टरने, मळणी यंत्राने. कोरडवाहू रानात त्यानंतर तूर आणि हरभरा सोडला तर तरण्या हातांना रोजचे काम उरत नाही. कुटुंब पोटाला कमी पडू देत नाही, हे त्याचे मोठेपण. पण त्याच घरात येणारा प्रत्येक पाहुणा ‘सध्या काय चाललंय?’ असे विचारतो, आणि त्या प्रश्नाच्या भीतीने मुलगा लग्नाकार्याला जायचे टाळू लागतो. घराबाहेरची माणसे कमी होण्याची सुरुवात तिथूनच होते.

नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांत महिन्याच्या फीवर चालणाऱ्या अभ्यासिका भरलेल्या असतात. पुस्तके घरी आहेत, व्याख्याने फोनवर आहेत, तरी मुले घरून पैसे मागून एका खुर्चीसाठी ते भरतात. घरी सगळे असूनही न मिळणारी आखणी आणि सोबत ते विकत घेतात. ही त्यांची समज अगदी बरोबर आहे, आणि तिला ‘टाइमपास’ म्हणून हिणवणारी वडीलधारी मंडळी चुकतात. मात्र अभ्यासिकेत एक उणीव राहते. त्या खुर्चीवर तुम्ही उद्या आला नाहीत, तर कोणाचेच काही अडत नाही. नांदेडच्याच सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये नेमके उलटे आहे. पंगत बसणारच असते, म्हणून कोणीतरी पोळ्या लाटायला, कोणीतरी भांडी घासायला, कोणीतरी जोडे सांभाळायला लागतेच. सेवेला बसलेल्याचे शिक्षण किती आणि पगार किती, हे तिथे कोणी विचारत नाही. ती सेवा श्रद्धेतून येते, आणि श्रद्धा सल्ल्याने देता येत नाही. पण ठरलेली वेळ, शेजारी बसलेली माणसे आणि हातातल्या कामाची कोणाला तरी असलेली गरज हा तिचा घाट श्रद्धेबाहेरही उभा करता येतो.

तो कसा, हे लातूरनेच दाखवले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. हजारो माणसे गेली, ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. जी गावे जागेवर राहिली, तिथल्या तडे गेलेल्या घरांसाठी सरकारने दुरुस्ती आणि मजबुतीकरणाची योजना आणली. पैसे आले, अभियंते आले. पण घरमालकाला हप्ता कधी मिळतो, भिंतीत कोपऱ्याला काय घालायचे, हे समजावणारे कोणी नव्हते. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावच्या महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आणले. लातूर आणि उस्मानाबादच्या हजारावर गावांत हे काम चालले. ज्यांनी कधी ग्रामसभेत तोंड उघडले नव्हते, त्या बायका योजनेचे नियम सांगू लागल्या, बांधकामावर नजर ठेवू लागल्या, अभियंत्याला प्रश्न विचारू लागल्या. त्यांना कोणी सरकारी नोकरी दिली नव्हती. गावाला हवी असलेली माहिती त्यांच्याकडे होती, म्हणून लोक त्यांची वाट पाहू लागले. २००१ साली कच्छ हादरले, तेव्हा लातूरकडच्या बायका तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला गुजरातला गेल्या. बचत गट आणि एक एकरावरची सेंद्रिय अन्नशेती ही कामे त्याच वाटेने पुढे आली. या बायकांना रिकामा वेळ मिळाला होता म्हणून हे घडले, असे मुळीच नाही.

हा मुद्दा सोडून पुढे जाणे अन्यायाचे होईल. घरी असणारी बाई रिकामी नसते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर रोज सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या आणि ते करणारे पुरुष ९७. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. स्त्रियांची दहा मिनिटे वाचली, पण पुरुषांचीही नऊ कमी झाली. म्हणजे मारिएंतालमधल्या त्या भराभर चालणाऱ्या बायकांसारखीच इथल्या सुनेची अडचण उलटी आहे. तिच्यावाचून सगळ्यांचे अडते, पण फक्त घरातच. तिला हवा आहे उंबऱ्याबाहेरचा एक तास, आणि तो तिला मिळावा म्हणून घरी असलेल्या मुलाने भाकरी थापायला शिकणे हे त्या मुलाच्याही दिवसाचे भले आहे.

सर्वांत जड आक्षेप असा, की हे सगळे बेकारी गोड करून सांगणे आहे. तरुणांना काम हवे, सेवा नको. आक्षेप खरा आहे आणि तो खोडायची माझी इच्छा नाही. १९७२ च्या दुष्काळातून याच राज्याने रोजगार हमी उभी केली, १९७७ साली तिचा कायदा केला. मागेल त्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य ठरले. पदवीधराच्या हातांसाठी तशी हमी कोणी दिलेली नाही, आणि ती मागत राहिलेच पाहिजे. शिक्षकाच्या रिक्त जागी फुकटचा पदवीधर उभा करणे ही तर उघड लूट होईल. पण मागणी लावून धरायलाही उभारी लागते. मारिएंतालमध्ये काम गेल्यावर लोक जास्त संघटित झाले नाहीत. राजकारणातला आणि मंडळांतला त्यांचा रस आटला. खचलेला माणूस मोर्चालाही येत नाही. म्हणून दिवस सावरणे आणि नोकरी मागणे या गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

अडलेली कामे शोधायला लांब जावे लागत नाही. २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवर ई-पीक पाहणी नोंदवायची आहे, आणि साध्या फोनवाल्या म्हाताऱ्याला ते जमत नाही. गल्लीतल्या चौथी-पाचवीच्या मुलांना रोज संध्याकाळी तासभर वाचायला बसवणारे कोणी हवे असते. गावोगावच्या शासनमान्य ग्रंथालयांत पुस्तके आहेत, ती वाचकाच्या हाती देणारे माणूस कमी पडते. यांतले एकच घ्यावे, पण वार आणि वेळ ठरवून घ्यावे. ‘सवड मिळाली की येतो’ असे घेतलेले काम आठवड्यात सुटते.

पहिले पाऊल मात्र घरी असलेल्या माणसावर सोडू नये, कारण विचारायला जाणेच त्याला जड जाते. ग्रंथालयाच्या चिटणीसांनी, शाळेच्या मुख्याध्यापकांनी, बचत गटाच्या अध्यक्षांनी आपल्या गावातल्या अशा एका मुलाला किंवा मुलीला या आठवड्यात नाव घेऊन बोलवावे, आणि वेळ सांगून एक काम सोपवावे.