जुन्या खेळांचा नवा बाजार : खोक्यावरचा आकडा आणि खोक्यातला माल

भिवंडी म्हटले की यंत्रमाग, हे समीकरण आजही कायम आहे. परंतु अंजूरफाट्यावरून जुन्या आग्रा रोडने राहनाळ, पूर्णा, काल्हेरकडे निघाले की मागांचा खडखडाट मागे पडतो आणि गोदामांच्या रांगा सुरू होतात. मुंबईच्या जकात नाक्याबाहेरची जागा, ठाण्यालगतचा रस्ता आणि १९८९ साली सुरू झालेले न्हावा शेवा बंदर, या तीन गोष्टींनी हा पट्टा वखारींचा केला. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, तरी गोदामे हलली नाहीत, उलट वाढली. परदेशातून आलेला किरकोळ माल अशाच वखारींतून फुटून छोट्या दुकानांपर्यंत जातो. त्या मालातील एका वस्तूकडे आम्ही आज आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांचे लक्ष वेधू इच्छितो. ती वस्तू म्हणजे टीव्हीला जोडायचा किंवा हातात धरून खेळायचा स्वस्त व्हिडिओ गेम, ज्यात तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे खेळ भरलेले असतात.

वस्तू जुनी, गिऱ्हाईक नवे

या यंत्रांचे मूळ जपानमध्ये आहे. क्योटो शहरातील निन्टेंडो ही कंपनी १८८९ साली पत्ते बनविण्यासाठी सुरू झाली. तिने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचे आठ बिटचे यंत्र बाजारात आणले. आपल्याकडे मात्र घरोघरी पोहोचल्या त्या त्याच्या तैवानी व चिनी नकला. १९९० च्या दशकात मोहल्ल्यातील मुले तासाच्या भाड्याने जे 'मारिओ', 'काँट्रा' आणि बंदुकीने बदके पाडण्याचे खेळ खेळत, ते बहुधा या नकलांवरच. आज ती मुले चाळीशीत आली आहेत, कमावती आहेत. स्वतःच्या लहानपणाची आठवण म्हणून आणि मुलांच्या हातातून मोबाइल सुटावा म्हणून तीच हे यंत्र मागतात. हजार रुपयांच्या आतही असा माल मिळतो. गिऱ्हाईक आहे, यात शंका नाही. मूळ कंपनीनेही नोव्हेंबर २०१६ मध्ये ३० खेळांची छोटी आवृत्ती काढली, तेव्हा काही महिन्यांतच तिचे २० लाखांहून अधिक नग खपले.

जुने तंत्र टाकाऊ नसते, हे आमच्या मागवाल्या बांधवांना सांगण्याची गरज नाही. निन्टेंडोचे गुनपेई योकोई या कारागिराचे तत्त्वच असे होते की, जे तंत्र जुने, स्वस्त आणि पारखलेले आहे, त्याचा नवा उपयोग शोधावा. त्यांच्या हाताखाली तयार झालेला 'गेम बॉय' १९८९ साली आला. त्याचा पडदा रंगीत नव्हता, पण घडाळ्यातील साध्या बॅटरीसारख्या पेन्सिल सेलवर तो तासन्‌तास चाले. त्याच्या रंगीत आवृत्तीसह ११ कोटींहून अधिक नग विकले गेले.

'९९९९ खेळ' म्हणजे किती?

आता मुद्द्याचे. या खोक्यांवर '४०० खेळ', '६२० खेळ', कधी '९९९९ खेळ' असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. १९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा पूर्ण खेळ जेमतेम ४० किलोबाइटचा आहे. आजच्या मोबाइलचा एक फोटो त्याच्या कितीतरी पट जागा घेतो. म्हणजे शेकडो खेळ भरण्यास कंपनीला काही खर्च येत नाही. शिवाय मोठ्या आकड्यांच्या कॅसेटमध्ये तेच पाच-पंचवीस खेळ पुन्हा पुन्हा येतात. कधी नाव बदलून, कधी पहिल्याऐवजी तिसऱ्या टप्प्यापासून सुरू करून. गिऱ्हाईक घरी जाऊन मोजते, तेव्हा शिव्या कारखानदाराला पडत नाहीत, दुकानदाराला पडतात.

बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढणाऱ्या आमच्या पैगंबरांचा (स.अ.) प्रसंग प्रत्येक मुसलमान व्यापाऱ्याला ठाऊक आहे. ओले धान्य वर का ठेवले नाहीस, हा तो सवाल होता. खोक्यावरचा आकडा हे आजचे वरचे कोरडे धान्यच होय. दुकानदाराने एक नग उघडून खेळ स्वतः मोजावेत आणि 'वेगवेगळे खेळ इतके' अशी चिठ्ठी लावावी. विक्री थोडी कमी होईल, पण परत येणारा माल त्याहून कमी होईल.

कायद्याची बाजू

येथे मोठी जोखीम आहे आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. जुन्या यंत्राच्या रचनेवरील पेटंटांची मुदत केव्हाच संपली आहे. परंतु खेळांवरील हक्क संपलेले नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणकाचा प्रोग्राम हा साहित्यकृतीत मोडतो आणि त्याचे संरक्षण काही दशके चालते. जाणूनबुजून नक्कल विकल्यास कलम ६३ अन्वये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरविला. खोक्यावर मारिओचे चित्र असेल तर ट्रेडमार्कचा प्रश्न वेगळाच. २००७ च्या नियमांनुसार हक्कदाराच्या तक्रारीवरून कस्टम खाते असा माल बंदरातच अडवू शकते. तेव्हा रक्कम आगाऊ भरलेल्या व्यापाऱ्याचे भांडवल अडकते.

म्हणून माल उचलण्यापूर्वी पुरवठादाराकडून खेळांच्या परवानगीचा कागद मागावा. जुन्या यंत्रांसाठी आजही काही हौशी लोक नवे खेळ लिहितात व रीतसर परवानगीने देतात. तसा माल किंवा मूळ कंपनीची जुनी यंत्रे, हा सरळ मार्ग आहे. याखेरीज व्हिडिओ गेमवर २०१२ च्या आदेशापासून भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. खोक्यावर नोंदणी क्रमांक, आयातदाराचे नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना व कमाल किंमत पाहावी. जीएसटीचा दर जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्के झाला; पक्के बिल घेणाऱ्याला त्याचा परतावा हिशेबात मिळतो, कच्च्या बिलाला नाही.

कारागिरांसाठी काम

टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या आमच्या मिस्त्री बांधवांना येथे रोजी आहे. जुन्या यंत्रांत बहुतेक बिघाड साधे असतात. कॅसेट लागत नसेल तर तिचे धातूचे दात स्पिरिटने पुसावेत. तोंडाने फुंकर मारण्याची जुनी सवय वाईट, कारण थुंकीच्या ओलाव्याने दात गंजतात. रिमोटचे बटण दबत नसेल तर आतील रबराचा काळा थर झिजलेला असतो, तो बदलता येतो. अडॅप्टर लावण्यापूर्वी व्होल्ट आणि पिनचे अधिक-उणे तपासलेच पाहिजेत. नव्या स्वस्त यंत्रांत मात्र सारे काम काळ्या गोळ्याखाली दडलेल्या एकाच चिपवर चालते. ती गेली की दुरुस्ती नाही, हे गिऱ्हाईकाला आधीच सांगावे.

बंदुकीचा खेळ नव्या चपट्या टीव्हीवर चालत नाही. जुनी बंदूक जुन्या काचेच्या टीव्हीवर किरण ओळीओळीने चित्र काढतो त्या क्षणावर अवलंबून असते. नव्या टीव्हीवर तो क्षण जुळत नाही. ही एक गोष्ट विकताना सांगितली तरी निम्म्या तक्रारी मिटतील.

खेळ आणि जुगार

शेवटी एक गोष्ट पालक म्हणून. हे जुने खेळ एकदा विकत घेतले की पुढे पैसा मागत नाहीत. जाहिरात नाही, डाव लावणे नाही. मोबाइलवरील पैशांच्या खेळांनी अनेक घरांची कमाई खाल्ली, म्हणूनच ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने त्यांच्यावर बंदीचा कायदा केला. त्या जुगाराच्या तुलनेत बदके पाडणे निरुपद्रवी आहे. तरीही नमाज, मदरसा आणि शाळेच्या वेळा राखून, दिवसाला ठराविक वेळच यंत्र चालू राहील, हे घरच्यांनी पाहावे.

धंदा लहान आहे, नफाही लहान आहे. परंतु खेळ मोजून, कागद तपासून आणि उणीव सांगून विकलेल्या नगावरच बरकत आहे. राहनाळच्या वखारीतून निघालेला खोका कोणाच्या हाती जातो, यापेक्षा तो काय सांगून दिला जातो, यावर आमच्या बाजारपेठेचे नाव टिकणार आहे.