टेंट कुठे टाकायचा?

दोन नद्यांच्या मधला पट्टा, चार जण, एक सेकंड हॅण्ड गाडी आणि सगळा प्लॅन बदलणारा एक फोन!

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहा वाजता ऑफिसात काय चालतं? खरं सांगा. एका विंडोत रिपोर्ट आणि दुसऱ्या विंडोत कुणीतरी व्हॅन घेऊन जग फिरतंय. मी फ्रीलान्सर, माझं ऑफिस म्हणजे डायनिंग टेबल. पण लक्षणं तीच! या हिवाळ्यात मला आणि माझ्या रूममेटला वेड लागलं ते बाहा कॅलिफोर्नियाचं. मेक्सिकोतलं हे वाळवंटी द्वीपकल्प बाराशे किलोमीटरपेक्षा लांब आहे. एका बाजूला पॅसिफिक, दुसऱ्या बाजूला आखात. थंडीत तिथे ग्रे व्हेल पिल्लं घालायला येतात आणि माणसं किनाऱ्यावर तंबू ठोकतात.

आमच्याकडे काय होतं? दोन दिवसांची सुट्टी, रूममेटच्या भावाची गाडी आणि महिनाअखेरीचं बजेट. मग मी आपला पुणे जिल्ह्याचा नकाशा उघडला. शिरूर तालुका बघा. उत्तरेला कुकडी आणि घोड, दक्षिणेला भीमा. पूर्वेकडे जमीन निमुळती होत जाते आणि दौंडच्या वरच्या अंगाला घोड भीमेला मिळते. म्हणजे तीन बाजूंना पाणी! आणि पाऊस? सह्याद्रीनं अडवून उरलेला, वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. झालं, आम्हाला आमचं घरगुती बाहा सापडलं.

एक्सेल शीट तयार झाली. रूट, पेट्रोल, मॅगी, स्लीपिंग बॅग. 'मुक्काम' या कॉलममध्ये मी ऐटीत टाइप केलं : घोड नदीचा काठ, चांदण्याखाली.

आत्याचा फोन

रूममेटची आत्या न्हावऱ्याच्या बाजूला राहते. जेवायला येतो हे सांगायला तिला फोन केला.

"तंबू? नदीकाठी?" आत्या ओरडलीच. "अगं, इथं दिवस मावळला की आम्ही पोरांना दाराबाहेर सोडत नाही, आन् तुम्ही पुण्याहून उघड्यावर झोपायला येताय?"

"पण आत्या, तो भाग तर कोरडा आहे ना?"

"कोरडा होता तो माझ्या सासूच्या काळात. कॅनॉल आला, मग ऊस आला. आता उसात बिबट्या आलाय."

फोन ठेवला आणि आम्ही गप्प झालो. बातम्या आम्ही वाचल्या होत्याच की! २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन बळी गेले. त्यातली दोन लहान मुलं. गावकऱ्यांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला होता. बातमी वाचून हळहळलो आणि पुढे स्क्रोल केलं. ते गाव आपल्या वीकेंडच्या वाटेवर आहे, हे डोक्यातच आलं नाही.

गंमत म्हणजे यात सीझनही जुळतो. उंच, दाट ऊस म्हणजे बिबट्याला लपायला जागा. पाणी जवळ, कुत्री-शेळ्या जवळ. मादी पिल्लंही तिथेच घालते. गाळप हंगाम सुरू झाला की ऊस तोडला जातो, आडोसा जातो आणि जनावरं जागा बदलायला लागतात. म्हणजे आपला कॅम्पिंगचा हिवाळा तोच त्यांच्या स्थलांतराचा हिवाळा.

ट्रिप कॅन्सल? एकानं लगेच गोव्याचं तिकीट बघायला घेतलं. तेवढ्यात आत्याचाच फोन आला. "या गं. पण झोपायचं माझ्या स्लॅबवर. जिन्याला दार आहे."

पहिला दिवस : दगड आणि विटा

जानेवारीतल्या एका शनिवारी सहाला निघालो. रांजणगावच्या गणपतीला नमस्कार, शिरूरला मिसळ (पुण्याहून साधारण ७० किलोमीटर) आणि तिथून कुकडीवरचे रांजणखळगे. एका काठाला शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी, दुसऱ्या काठाला पारनेरमधलं निघोज. प्रवाहात अडकलेले दगडगोटे गरगर फिरत राहतात आणि काळ्या बेसॉल्टमध्ये रांजण कोरतात. फोटो अफलातून येतात, पण कडेला पाय जपून!

दुपारी इनामगाव. घोडकाठच्या या पांढरीच्या टेकाडावर डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळात इथे शेतकऱ्यांचं गाव नांदत होतं. सातू पिकवायचे, पाण्यासाठी त्यांनी बांध आणि कालवासुद्धा काढला होता. पुढे हवामान कोरडं होत गेलं, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या आणि शेवटी गाव उठलं. आज जागेवर बघायला फारसं काही नाही. म्हणून निघण्याआधी डेक्कन कॉलेजचं म्युझियम बघा, मग ते टेकाड बोलायला लागतं.

सहाच्या आत आत्याचं घर गाठलं. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, लसणाची चटणी. मग टेंट! स्लॅबमध्ये खुंट्या कशा ठोकणार? दोन दोऱ्या पाण्याच्या टाकीला, दोन विटांना. सगळं कुटुंब हसायला जमलं.

रात्री वरून पाहिलं तर खाली शेतात शेकोट्या पेटलेल्या. ऊसतोड मजुरांच्या कोप्या. पाचट आणि प्लॅस्टिकच्या, आमच्या टेंटपेक्षा थोड्याच मोठ्या. बाहेरगावाहून आलेली ही कुटुंबं हंगामभर तिथेच राहतात, लेकरांसकट. त्यांच्या जिन्याला दार नाही.

अकराला आत्याचे यजमान काठी आणि बॅटरी घेऊन बाहेर पडले. शेतीची वीज पाळीनं येते आणि त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती. शेजारच्यांना हाक मारली, मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावली, जेणेकरून जनावराला चाहूल लागावी. गाणी लांब लांब जात राहिली. मी स्लीपिंग बॅगमध्ये जागीच होते. पहाटे तीनला ती पुन्हा जवळ आली, तेव्हा जिन्याखाली आत्यानं कडी काढल्याचा आवाज झाला. तीही झोपली नव्हती.

दुसरा दिवस : आमचे व्हेल

सकाळी धुक्यातून न्हावरे, मग पारगावजवळ भीमा ओलांडून दौंड तालुका. केडगाव-चौफुला भागात गुऱ्हाळं लागतात. गरम काकवी चाखल्याशिवाय पुढे जायचं नाही! पाटसमार्गे दौंड, हे मोठं रेल्वे जंक्शन, आणि तिथून भिगवण. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि त्याचा फुगवटा इथवर पसरला. कुंभारगावात होडीत बसलो आणि समोर शेकडो रोहित, गुलाबी रेघच्या रेघ. व्हेल नाहीत तर नाहीत!

प्लॅन करताना

- मुक्काम आधी ठरवा, रूट नंतर. उसाजवळ आणि नदीकाठी उघड्यावर टेंट नको. घराचं आवार किंवा गच्ची बरी.
- अंधार पडायच्या आत पोहोचा. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढतात, सगळ्यांना मागे रिफ्लेक्टर असतोच असं नाही.
- पहाटे एकट्यानं शेतात जाऊ नका. बिबट्या दिसला तर पाठलाग करून व्हिडिओ नको, वनविभागाची हेल्पलाइन १९२६ लावा.
- माळरान मोकळं दिसलं तरी गाडी आत घालू नका. जमिनीवर घरटी करणारे पक्षी तिथेच असतात.
- थंडी हलक्यात घेऊ नका, पारा दहाच्या खाली जाऊ शकतो.
- ज्यांच्याकडे राहाल त्यांची विजेची पाळी विचारा. त्यांची रात्रपाळी असेल तर तुमची पार्टी नऊला संपवा.

सोमवारी पुन्हा तेच डायनिंग टेबल. पुढच्या ट्रिपची नवी शीट उघडली आणि 'मुक्काम'च्या शेजारी एक कॉलम वाढवला : तिथल्या कुणाला विचारलं?