अंगणात सिनेमा लावताय? आधी वायरमनशी नीट बोला



पाऊस संपला की कुरवंड्याच्या रस्त्याला शनिवार-रविवारी गाड्यांची रीघ लागते. माणसं नागफणीवर जातात, कड्यावरून खालचं कोकण बघतात, खाली आली की गरम भाकरी-पिठलं मागतात. आपल्या गटातल्या ज्या बहिणी घरी पाहुणे ठेवतात, त्यांना हल्ली एक प्रश्न हमखास येतो: "मावशी, रात्री काय असतं तुमच्याकडे?" पवना धरणाकाठच्या तंबूंत पडदा लावून सिनेमा दाखवतात, ते पाहून आलेली ही मंडळी. मग गटाच्या बैठकीत विषय निघतो, आपणही अंगणात सिनेमा लावू या.

कल्पना चांगली आहे. जत्रेतल्या तंबूत गोणपाटावर बसून आपण सगळ्यांनीच सिनेमा पाहिलाय. आणि सिनेमाचं काम बायकांना नवीन नाही. 1913 साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा कच्च्या फिल्मला भोकं पाडण्यापासून सगळ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत सरस्वतीबाईंचा हात होता. तेव्हा "आपल्याला जमेल का" हा प्रश्न सोडा. प्रोजेक्टर, पडदा, स्पीकर बाजारात मिळतात, भाच्याला लावताही येतात. अडतं ते घरातून अंगणापर्यंत लाइट नेण्यात.

मावळातल्याच एका बहिणीच्या घरची गोष्ट. पडदा लोखंडी पाइपच्या चौकटीला बांधला होता. सडा टाकलेलं अंगण, पोरं अनवाणी. एका मुलाचा हात पाइपला लागला आणि तो दचकून मागे सरला. मुंग्या आल्या म्हणाला. टेस्टर लावला तर दिवा पेटला. वायरमनला फोन केला तर तो म्हणाला, "थोडं करंट येतंच बाहेर, चप्पल घालून हात लावा." त्या दिवशी नशिबाने मुंग्यांवर निभावलं. असं उत्तर देणाऱ्या माणसाला पुन्हा बोलवू नका, मग तो नात्यातला का असेना.

पहिली गोष्ट, माणूस कोण आहे ते बघा. नवीन वायरिंगचं काम अनुज्ञप्तीधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं असतं, आणि वायर ओढणाऱ्याकडे तारतंत्रीचा परवाना लागतो. हे दोन्ही विद्युत निरीक्षकांच्या खात्यामार्फत मिळतात आणि त्यांवर मुदतीची तारीख असते. कागद बघायला मागताना संकोच करू नका. कर्ज मंजूर करताना आपण ताईच्या सख्ख्या बहिणीचंही पासबुक बघतोच की. "महावितरणचा लाइनमन ओळखीचा आहे, तो करून देईल," असं बरेचदा ऐकू येतं. खांबापासून मीटरपर्यंतचं काम त्यांचं. मीटरच्या पुढे जे होईल त्याची जबाबदारी आपली.

आता खटक्यांचं. बोर्डात एमसीबी असतो, तो उडला की लाइट जाते, एवढं सगळ्यांना माहीत आहे. पण तो वायर वाचवतो, माणूस नाही. 16 अँपिअरचा एमसीबी 16 अँपिअरच्या पुढे भार गेल्यावर उडतो. माणसाच्या जिवाला धोका त्याच्या कितीतरी पट कमी करंटने, अँपिअरच्या काही शतांश भागाने, होऊ शकतो. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी आरसीसीबी लागतो, 30 मिलिअँपिअरचा. जुने वायरमन सरसकट ईएलसीबी म्हणतात.

हा कसा काम करतो ते आपल्या हिशोबाच्या भाषेत सांगते. एका तारेने करंट जातो, दुसऱ्या तारेने परत येतो. आरसीसीबी सारखा मेळ घालत असतो, गेलं तेवढं परत आलं का? कुणाच्या अंगातून थोडं जरी जमिनीत गेलं, की वसुली कमी पडते आणि तो डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइट तोडतो. त्यावर 'टी' लिहिलेलं एक बटण असतं. महिन्यातून एकदा, बैठकीच्या दिवशी म्हणा, ते दाबायचं. खटका पडला पाहिजे. नाही पडला तर त्या रात्री सिनेमा नाही. मात्र आरसीसीबी जास्त भाराला उडत नाही, म्हणून दोन्ही लागतात, एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

इथे एक गंमत होते, तिच्यात फसू नका. काही वायरमन अंगणासाठी फेज एका ठिकाणाहून घेतात आणि न्यूट्रल जवळच्या दुसऱ्याच बोर्डातून. मग आरसीसीबीचा मेळ कधीच बसत नाही आणि तो सारखा पडत राहतो. वायरमन म्हणतो, "पीसच खराब आहे," आणि काढून टाकतो. सारखा पडणारा खटका काहीतरी सांगत असतो. काढू देऊ नका, कारण शोधायला लावा.

अर्थिंगला आपल्याकडे खरी अडचण आहे. कुरवंड्याच्या बाजूला कुठे हात-दोन हात खणलं की कातळ लागतो. वायरमन वैतागून सळई तिथेच ठोकतो आणि वर माती लोटतो. पावसाळ्यात सगळं ओलं असतं तेव्हा ते चालून जातं. पण आपला सिनेमा दिवाळी ते मे, आणि मे महिन्यात तीच जमीन ठणठणीत कोरडी. जिथे माती खोल आहे, न्हाणीचं पाणी मुरतं, अशी जागा त्याला तुम्हीच दाखवा. घर तुमचं, जमीन तुम्हाला माहीत. खड्डा झाला की अर्थ टेस्टरने मोजायला सांगा आणि आलेला आकडा ओहममध्ये बिलावर लिहून घ्या. 'टी' बटण दाबून खटका पडला म्हणजे अर्थिंग चांगलं, असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नका; त्या बटणाने अर्थिंग तपासलं जात नाही. पडद्याची चौकट लोखंडी असेल तर तिलाही अर्थिंगची तार जोडून घ्या. बांबूची केली तर अजून बरं. वाऱ्यासाठी तिला चारी बाजूंनी ताण द्यावाच लागतो, कड्यावरून येणारा वारा पडद्याचं शीड करतो.

वायर साधी पांढरी, दोन पदरी नको. आंब्याच्या फांदीवरून नेलेली तर नकोच. बाहेरून पोलादी तारेचं वेष्टण असलेली आर्मर्ड केबल घ्या, तीन कोअरची, म्हणजे अर्थिंग सोबत जातं. ती जमिनीत सुमारे अडीच फूट खोल, वाळूच्या थरात, वर विटा लावून पुरतात. विटा कशाला? पुढच्या वर्षी आपणच तिथे हळद लावायला कुदळ मारणार म्हणून. कातळामुळे खणता येत नसेल तर भिंतीच्या कडेने पाइपातून न्या. मधे कुठे जोड नको. अंगणातला सॉकेट झाकणाचा, आयपी 65 लिहिलेला, जमिनीपासून दोन-तीन फूट वर.

भाराचा हिशोब घरीच होतो. समजा प्रोजेक्टर 250 वॅट, स्पीकर 150, दिवे 100. झाले 500 वॅट. तीन तास चालले तर दीड युनिट. म्हणजे सिनेमा बिलाला महाग नाही. गडबड होते ती चहाच्या किटलीने. 1500 वॅटची किटली त्याच बोर्डाला लावली की बेरीज 2000 वॅट, आणि 6 अँपिअरचा सॉकेट पेलतो 1380 वॅटच्या आसपास. किटलीला वेगळा 16 अँपिअरचा पॉइंट काढा, तोही स्वयंपाकघरात. जनरेटर लावणार असाल तर चेंजओव्हर स्विच बसवल्याशिवाय नाही. नाहीतर तुमच्या जनरेटरची लाइट उलटी खांबावर जाते, आणि तिथे लाइट गेली म्हणून कुणाचा तरी मुलगा चढलेला असतो.

वायरमनचा विषय नाही, पण दोन शब्द. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, आणि एरवीही त्याला लेखी परवानगी लागते; सिनेमा साडेसातला सुरू करा, स्पीकरचं तोंड आपल्या घराकडे ठेवा. मोबाइलवरच्या ओटीटीचं खातं घरच्या वापरासाठी असतं. पैसे देऊन राहिलेल्या पाहुण्यांना त्यावरून सिनेमा दाखवणं हे 1957 च्या कॉपीराइट कायद्यात वेगळं धरतात, हक्कदाराची परवानगी लागते. तिकीट तर लावूच नका, मग चित्रपटगृहाचे परवाने मागे लागतात. माझं विचाराल तर आपल्या भातलावणीचं, भलरीचं, नागफणीवरच्या ढगांचं चित्रीकरण गटातल्या मुलींनी करावं. शहरातली माणसं तेही डोळे विस्फारून बघतात.

पैसे तीन हप्त्यांत द्या. सामानाची यादी लेखी आली की पहिला, केबल झाकायच्या आधी तुम्ही ती डोळ्यांनी पाहिली आणि फोटो काढला की दुसरा. तिसरा, आणि तो भरघोस ठेवा, वायरमन अंधार पडेपर्यंत थांबून सगळं एकदम चालू करून दाखवेल तेव्हा. ग्रामसंघाच्या कर्जातून हे काम करत असाल तर दोन सदस्यांनी त्या संध्याकाळी हजर राहावं आणि बिल, अर्थिंगचा आकडा, केबल कुठून गेली त्याचा कच्चा नकाशा, हे सगळं कर्जाच्या फाइलला लावावं.

जूनमध्ये पडदा-प्रोजेक्टर आत आले की अंगणाचा मेन स्विच बंद करा आणि चार महिने बंदच ठेवा. आपल्याकडच्या पावसात झाकणाच्या सॉकेटमध्येही दमट शिरते, मुंग्या घर करतात. दिवाळीआधी त्याच वायरमनने येऊन सॉकेट उघडून साफ करायचे आणि अर्थिंग पुन्हा मोजायचं, हे पहिल्याच बिलावर त्याच्या सहीने लिहून घ्या.