उसाच्या मळ्यातले अवकाशयुद्ध

जुन्नर-आंबेगावचा माणूस मोठा शौकीन. हे मी प्रेमाने सांगतो आहे, कारण माझे निम्मे गणगोत तिकडचेच. नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हणतात ते उगीच नव्हे. हंगामाच्या तोंडावर तेथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावची मंडळी यात्रेची सुपारी द्यायला येतात. बैलगाड्याच्या शर्यतीचे तर विचारूच नका. मध्यंतरी कोर्टाच्या आदेशाने शर्यती बंद होत्या, तेव्हा मंचर-घोडेगावकडचे शौकीन घरात सुतक असल्यासारखे वागत. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्यांचा कायदा उचलून धरला, आणि घाट पुन्हा गजबजले.

शौकाचे लक्षण असे की तो नुसता पाहून भागत नाही, त्यावर बोलावे लागते. घाटात बैल धावणार काही सेकंद, पण त्यावर चहाच्या टपरीवर पंधरा दिवस खल चालणार. माझ्या मते शर्यत हे निमित्त. खरी गोडी त्या खलाची.

याच मातीत आता एक नवा शौक रुजला आहे. घराघरांतल्या आया त्याला 'ती मारामारी' म्हणतात, पोरे नुसते 'गेम' म्हणतात. पुण्यामुंबईच्या वाचकांच्या घरीही तो असणारच. दिवाळीचा फराळ एका हाताने खाणारा आणि दुसऱ्या हाताने मोबाइल धरणारा कुलदीपक आज कोणाच्या घरी नाही? तरीही ज्यांनी तो जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पडद्यावर एक बेट दिसते. काही डझन खेळाडू त्यावर आकाशातून उतरतात. सापडेल ते हत्यार उचलायचे, आकसत जाणाऱ्या वर्तुळाच्या आत राहायचे, आणि शेवटी जो उरेल तो जिंकला. चार-चार जणांची टोळी करता येते. तिला 'स्क्वॉड' म्हणतात. टोळीतले गडी चार गावी बसलेले असले तरी कानातल्या बोंडांतून एकमेकांशी बोलू शकतात. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे सगळे तिच्यावरच येणार आहे.

बंदूक आणि अवकाश यांचे या खेळात जन्मापासूनचे सख्य. १९६२ साली अमेरिकेत एमआयटीतल्या तरुणांनी कपाटाएवढ्या संगणकावर 'स्पेसवॉर' नावाचा खेळ रचला. त्यात दोन याने एका ताऱ्याभोवती फिरत एकमेकांवर मारा करीत. १९७८ साली जपानच्या तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' आणला. डिसेंबर १९९३ मध्ये 'डूम' आला, त्यात तर खेळणारा थेट मंगळाच्या चंद्रावर उतरून राक्षस टिपू लागला. अवकाशच का, याचे उत्तर मला सोपे वाटते. परग्रहावरच्या शत्रूला गोळी घातली तर त्याची जात, धर्म, देश कोणी विचारीत नाही, आणि त्याचे नातेवाईक भांडायला येत नाहीत.

आपल्याकडे या शौकाची लाट आली ती पब्जीने. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने एकूण ११८ ॲपांवर बंदी घातली, त्यात पब्जीही गेला. त्याचा भारतीय अवतार जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये अदृश्य झाला आणि मे २०२३ मध्ये परत आला. एवढे पुनर्जन्म तर पुराणातही विरळाच! पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या पुण्याच्याच 'सुपरगेमिंग' या कंपनीने 'इंडस' नावाचा खेळ काढला. त्यात भारतीय संस्कृतीतून फुललेले एक भविष्य कल्पिले आहे. बेटाचे नाव विरलोक; तेथे 'कॉस्मियम' नावाचे दुर्मीळ द्रव्य सापडते, आणि शेवटी ते ज्याने हस्तगत केले तो सगळ्यांना न मारताही जिंकू शकतो. पात्रांत एक 'सर-ताज' आहे. अवकाशात पहिल्यांदाच आपल्या ओळखीचे नाव ऐकून पोरांना कोण आनंद!

गेल्या फेब्रुवारीत मी धाकट्या बहिणीकडे आठवडाभर राहिलो. नारायणगावाहून खोडदकडे जाताना तिचा मळा लागतो. पोहोचलो त्याच रात्री तिने मला चुलीपाशी गाठले.

"दादा, तुझं ऐकतो तो. जरा बोल त्याच्याशी. रात्र रात्र मारामारी चालते. कानात ती बोंडं घातली की आईची हाक ऐकू येत नाही."

'तो' म्हणजे माझा भाचा, कॉलेजच्या पहिल्या वर्षातला. मी बोलण्याआधी ऐकावे असे ठरवले आणि जेवणानंतर ओसरीवर त्याच्या शेजारी घोंगडे टाकले. त्यानेही भिडस्तपणे एक बोंड माझ्या कानात दिले. टोळीत चौघे. एक हा. दुसरा मीना नदीपलीकडच्या मळ्यात. तिसरा घोडेगावी खोली घेऊन राहणारा, आणि चौथा चाकणच्या कारखान्यात कामाला, पाळी संपवून नुकताच खोलीवर आलेला. दहावीपर्यंत चौघेही एका वर्गात होते.

त्या रात्री माझ्या कानावर पडले ते असे:

"मागून येतोय, मागून! भिंतीआड हो."

"झालो. कांदा काय भावाने गेला रे आज?"

"नको विचारूस. मंचरला नेला, गाडीभाडं निघालं तेवढंच. ए, डावीकडं बघ, डावीकडं... मेलास की."

"असू दे. आज्जीचा गुडघा कसा आहे?"

मी मुद्दाम घड्याळ समोर ठेवले होते. तासाभरात बंदुकीविषयीचे बोलणे सारे मिळून पंधरा मिनिटांचे असेल. बाकी वेळ कांदा, चाकणच्या मेसमधली आमटी, एका मित्राचे जमता जमता मोडलेले लग्न आणि मास्तरांच्या नकला. मध्येच जोरदार वाद पेटला: विरलोकात बंदुकीचा आवाज यावा की न यावा? घोडेगावकर म्हणाला, अवकाशात हवा नाही, तेव्हा आवाज नाही. चाकणकर म्हणाला, "आपण तिथं धावतो, श्वास घेतो, म्हणजे हवा आहे. हवा आहे म्हणजे आवाज आहे. तू म्हणतोस ते बाहेरच्या पोकळीत." मग गाडी सिनेमांकडे वळली, आणि यान फुटताना धडाका ऐकवणारे समस्त दिग्दर्शक एकमताने मूर्ख ठरले.

मला मौज वाटली. आमच्या पिढीला असले वाद घालायला शिकवले ते जयंत नारळीकरांनी. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नाव बदलून धाडली होती. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून ते 'नारायण विनायक जगताप' झाले, आणि पहिले बक्षीस जगतापांनी पटकावले. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले. या पोरांपैकी एकाने शाळेत त्यांचा धडा वाचलेला आठवतो म्हणाला, बाकीच्यांनी नाव ऐकले होते. पण वाद तोच, आणि वाद घालण्याची रीतही तीच.

आता कोणी विचारील, एवढेच बोलायचे तर गावच्या पारावर का बसत नाहीत? मी भाच्याला हेच विचारले. त्याने मोबाइलवरून डोके न उचलता अंधाराकडे बोट केले. "मामा, वाघ."

या भागात बिबट्याला वाघच म्हणतात. धरणांचे पाणी आले, ऊस आला, आणि उसात बिबट्याला घरच मिळाले. तेथेच तो जन्मतो, तेथेच वाढतो. वन खात्याच्या जुन्नर विभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, ते शहरातल्या लोकांना पाहण्याचे ठिकाण वाटते. मळ्यात राहणाऱ्याला तसे वाटत नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, त्यांत लहान मुलेही होती. संतापलेल्या लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला होता. अशा मुलखात घरे गावठाणात नाहीत, मळ्यामळ्यात विखुरलेली आहेत. दिवेलागणीनंतर कोणती आई आपल्या पोराला दोन मैल पायी पारावर धाडील? पार रिकामा पडला तो मोबाइल येण्याच्या आधीच.

आणि रात्री घराबाहेर पडावे तर लागतेच. शेतीपंपाची वीज कधी दिवसा असते, कधी रात्री. माझ्या मुक्कामाच्या चौथ्या रात्री नदीपलीकडच्या गड्याची पाळी होती. बाराच्या सुमारास डाव ऐन रंगात असताना तो म्हणाला, "लाइट आली. मोटर टाकून येतो."

पुढे जे झाले त्याची कोणी चर्चा केली नाही, म्हणजे ते नेहमीचेच असावे. तिघांनी आपापली पात्रे एका भिंतीआड उभी केली आणि खेळ सोडला. बोंडे मात्र कानात तशीच राहिली.

"बॅटरी घेतली का?"

"घेतली. काठी पण."

"बोलत राहा. गाणं म्हण हवं तर."

तो गाऊ लागला. गळा भयंकर होता. मध्येच सांगत होता, "चिंचेपाशी आलो... पाटावरून उतरलो... आता ऊस लागला." वन खात्याचे लोकही हेच सांगतात, की अंधारात एकटे जाऊ नये, गेलेच तर बोलत, आवाज करीत जावे. पण एकट्याने बोलायचे कोणाशी?

मग आवाज थांबला.

"अरे, बोल की," चाकणहून कोणी तरी हळूच म्हणाले. भाचा ताठ बसला होता. दूर कुठे कुत्रे भुंकले, ते याच्या कानातून ऐकू आले की आमच्याच ओसरीवरून, ते मला कळले नाही. अर्धा मिनिट गेला असेल.

"झाली चालू. स्टार्टरवर पाल बसली होती रे, तिला हाकलत होतो."

तिघांनी मिळून त्याला ज्या शिव्या दिल्या त्या दिवाळी अंकात छापण्याजोग्या नाहीत. विरलोकात तोवर चौघांचाही निकाल लागला होता. त्याची खंत कोणालाच दिसली नाही.

याचा अर्थ सारे गोड आहे असा नव्हे. जगाच्या आरोग्य संघटनेने खेळाच्या व्यसनाला २०१९ साली आजारांच्या यादीत जागा दिली, ती उगीच नाही. पब्जीचा अवतार २०२३ साली परतला तेव्हा अठराखालच्या मुलांना दिवसाला ३ तासांची मर्यादा घालावी लागली होती. पण मोबाइल वडिलांच्या नावाचा असला की मर्यादाही वडिलांचीच लागू होते, हे पोरांना चांगले ठाऊक. पात्रांना रंगीत पोशाख चढवायला पैसे मोजणारी पोरेही आहेत. ज्या बापाचा कांदा भाड्यापुरताच गेला त्याचे पैसे असल्या झिरमिळ्यांत जावेत, हे मला पटत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले, हे उत्तम झाले; पण पोशाखांची दुकाने त्यात येत नाहीत. आणि खरे सांगायचे तर मला त्या खेळातली कत्तलच रुचत नाही. कॉस्मियम मिळवून न मारता जिंकण्याची सोय असताना ही पोरे आधी सगळ्यांना मारतात आणि मग कॉस्मियम शोधतात. मी विचारले तर म्हणाली, "त्यात मजा नाही, मामा."

बहिणीला मी चौथ्या रात्रीची हकीकत सांगितली. ती बराच वेळ भाकरी थापत राहिली. मग तिने स्वतःच नियम केला: एरवी अकराला बंद, पण त्या मळ्यात रात्रीची लाइट असेल त्या आठवड्यात मोटर चालू होईपर्यंत. आता रोज सकाळी ती भाच्याला पहिला प्रश्न विचारते तो पलीकडची मोटर किती वाजता चालू झाली हा.

त्याच आठवड्यात २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन आला. त्या दिवशी खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण लोकांना पाहायला खुली असते, आणि शाळांच्या गाड्यांची रांग लागते. चाकणकर रजा काढून आला होता, घोडेगावकर एसटीने आला. चौघेही प्रत्यक्ष एकत्र. फाटकाशी मोबाइल बंद करायला सांगितले तेव्हा चौघांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. कारण मात्र सरळ आहे. ४५ मीटर व्यासाच्या या ३० थाळ्या अतिदूरच्या आकाशगंगांतून येणाऱ्या इतक्या क्षीण लहरी टिपतात, की जवळचा साधा मोबाइलही त्यांच्यापुढे कर्णकर्कश भोंगा ठरतो. पावणेनऊ अब्ज वर्षांपूर्वी एका आकाशगंगेतून निघालेला हायड्रोजनचा संदेश येथेच सापडल्याचे जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाले होते.

पण पोरांना धरून ठेवले ते दुसऱ्या एका गोष्टीने. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे 'श्यापरेली' हे यान मंगळावर उतरत होते. त्याची क्षीण हाक पृथ्वीवर ऐकत होती ती ही खोडदची दुर्बीण. हाक येथे पोहोचायला जवळजवळ दहा मिनिटे लागत. यान वातावरणात शिरले, हवाई छत्री उघडली, तोवर आवाज येत होता. जमिनीला टेकण्याच्या ठरल्या वेळेच्या सुमारे ५० सेकंद आधी तो थांबला. यान आदळून फुटले होते.

चौघेही तेथे गप्प उभे राहिले. मग चाकणकर नदीपलीकडच्याकडे वळून म्हणाला, "पन्नास सेकंद. तू परवा अर्धाच मिनिट गेला होतास."

"सांगितलं ना, पाल होती," तो म्हणाला, आणि चौघे वडापावच्या गाडीकडे निघाले.