आयेल्ट्सची तोंडी परीक्षा आणि लहानपणची सायकल

आयेल्ट्सच्या तोंडी परीक्षेत सुरुवातीला घर, हवामान, खाणंपिणं असे साधे विषय येतात. सायकल हा त्यातलाच एक. लहानपणी तुमच्याकडे सायकल होती का? तुमच्या भागात लोक सायकल चालवतात का? प्रश्न दुसरीतल्या मुलालाही झेपावेत असे. तरी क्लासच्या गल्लीत आणि मोबाइलवरच्या ग्रुपांत या दोन प्रश्नांभोवती इतक्या दंतकथा फिरतात, की परदेशी प्रवेशाची तयारी करणारी हुशार मुलंही इथे गडबडतात.

पहिली दंतकथा अशी, की ‘माझ्याकडे सायकल नव्हती’ म्हटलं की मार्क गेले. म्हणून मुलं नसलेली सायकल जन्माला घालतात. ती लाल असते, वाढदिवसाला मिळालेली असते आणि बहुतेक वेळा आजोबांनी दिलेली असते! प्रत्यक्षात या परीक्षेत गुण चार गोष्टींना असतात आणि चारही गोष्टींचं वजन सारखं असतं: न अडखळता सुसंगत बोलणं, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार. सायकल असण्यानसण्याचा रकाना कुठेच नाही. उलट, ‘नो, वी कुडन्ट अफोर्ड वन, सो आय यूज्ड टू रेंट अ सायकल बाय द अवर’ हे खरं उत्तर त्या लाल सायकलीपेक्षा सरस ठरतं. एका वाक्यात नकार आला, कारण आलं, भूतकाळातली सवय आली आणि तासावर भाड्याने मिळणारी सायकलही आली. थाप मारायला बंदी नाही, खरंखोटं कोणी तपासत नाही. पण पुढचा ‘का?’ आला की थाप मारणाऱ्याला आधी गोष्ट रचावी लागते आणि मग इंग्रजी.

पाठांतराचंही तेच. ‘उत्तरं घोकून जा, परीक्षकाला कळत नाही’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. परीक्षकाला कळतं. साध्या प्रश्नावर एकदम पुस्तकी वाक्यं, एका सुरात, न थांबता येऊ लागली आणि पुढच्याच प्रश्नाला गाडी अडली, तर कळण्यासारखं आणखी काय असतं? पाठ केलेल्या वाक्यांमुळे गुण वाढत नाहीत, उलट बसतो तो फटकाच.

लांब उत्तर म्हणजे जास्त गुण, हाही एक गोड समज. तोंडी परीक्षा एकूण ११ ते १४ मिनिटांची. त्यातला हा पहिला भाग ४ ते ५ मिनिटांचा, आणि तेवढ्यात बरेच प्रश्न उरकायचे असतात. दोन-तीन वाक्यं पुरतात. एक ते दोन मिनिटं सलग बोलायची संधी दुसऱ्या भागात आहेच, तीही तयारीला एक मिनिट देऊन. परीक्षकाने मध्येच थांबवलं तर तो घड्याळ पाळतोय, एवढाच त्याचा अर्थ. प्रश्न ऐकू आला नाही तर पुन्हा विचारावा, त्यात काही कमीपणा नाही.

मग हे प्रश्न तपासतात काय? मला विचाराल तर, काळ. आपली मंडळी नेमकी इथे घसरतात. ‘आय वॉज हॅव्हिंग अ सायकल’ हे वाक्य मराठी घरांत इतकं रुळलंय की ते चुकीचं वाटतच नाही. हवं आहे ते सरळ ‘आय हॅड अ सायकल’. आपण मराठीत सहज म्हणतो, ‘बाबा सीट धरून मागे पळायचे, मी मधल्या दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारायचो.’ यातलं ‘पळायचे, मारायचो’ इंग्रजीत ‘यूज्ड टू’ने येतं: ‘माय फादर यूज्ड टू होल्ड द सीट अँड रन बिहाइंड मी.’ आणि एकदाच घडलेली गोष्ट, समजा गटारात पडलो ती, साध्या भूतकाळात: ‘वन डे आय फेल इन्टू अ ड्रेन.’ सवय आणि प्रसंग यांतला हा फरक बोलता बोलता सांभाळता आला की निम्मं काम झालं.

दुसऱ्या प्रश्नात भूतकाळ आणि आज यांची सांगड घालायची असते. ‘इट इज पॉप्युलर फ्रॉम मेनी इयर्स’ ही इथली हमखास चूक. बरोबर वाक्य: ‘इट हॅज बीन पॉप्युलर फॉर मेनी इयर्स.’ आकडेवारी द्यायलाच हवी असं मुळीच नाही. पण ‘आमच्याकडे आता सायकल कोण चालवतं?’ असं बेधडक ठोकून द्यायच्या आधी थोडा विचार करावा. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती, मोटरसायकल किंवा स्कूटर २१ टक्के घरांत. सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात आज रस्ते स्कूटर-मोटरसायकलींनी भरलेत हे खरं. पण गावाकडे मुली सायकलवरून शाळेत जातात, आणि शहरात रविवारी पहाटे हेल्मेट घालून निघणाऱ्यांचे घोळके दिसतात. नाशिकच्या महाजन बंधूंनी तर २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अजस्र शर्यत पूर्ण केली. यातली एखादीच गोष्ट पुरे: ‘इन व्हिलेजेस इट्स अ नेसेसिटी, बट इन सिटीज इट हॅज बिकम मोर ऑफ अ हॉबी.’ तुलना आली, मत आलं, विषय संपला.

जडजंबाळ शब्दांचा मोहही टाळावा. ‘डबलसीट’ला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवलं नाही तर ‘माय सिस्टर सॅट ऑन द कॅरिअर बिहाइंड मी’ म्हणावं. शब्द अडला की वळसा घालून अर्थ पोचवणं हे कौशल्य शब्दसंपदेत धरलं जातं. ‘सायकल’ म्हटलं म्हणून कोणी गुण कापत नाही.

राहता राहिला उच्चार. लंडनचा सूर लावायची गरज नाही. मराठी वळणाचं इंग्रजी चालतं, ऐकणाऱ्याला विनासायास समजलं की झालं. लक्ष द्यायचं ते शब्दातल्या जोरावर. ‘पॉप्युलर’मध्ये जोर ‘पॉ’वर, पण ‘पॉप्युलॅरिटी’ म्हणताना तो ‘लॅ’वर सरकतो. ‘वॉक्ट’चा शेवटचा ‘ट’ गिळला की भूतकाळच नाहीसा होतो.

क्लासने दिलेली उत्तरं आता फाईलमध्येच राहू द्या. हे दोन प्रश्न स्वतःला विचारा, उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना फक्त क्रियापदं मोजा: किती बरोबर काळात आली, किती चुकली. मग तेच उत्तर पुन्हा द्या, पण वेगळ्या शब्दांत.