चारचाकी येत नाही, तरी धोका आहेच: दुर्गाघाटच्या गल्ल्यांतले पादचारी

काशीयात्रेला आलेलं मराठी कुटुंब मैदागिनला उतरतं, बॅगा फुटपाथच्या कडेला लावतं आणि पहिला प्रश्न विचारतं, "रिक्षा आत दारापर्यंत जाईल ना?" नाही जात. काळभैरवाकडून गल्लीत शिरायचं, दोन-चार वळणं घ्यायची, कुठे गाय बसली असेल तर वळसा घालायचा, तेव्हा दुर्गाघाट येतो. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी अठराव्या शतकात इथे घाट बांधला, वस्ती वसवली. एका अंगाला ब्रह्माघाट, दुसऱ्या अंगाला पंचगंगा आणि बिंदुमाधव. तेव्हापासून मराठी घरं इथे पिढ्यानपिढ्या नांदत आली आहेत. या वस्तीची आखणी झाली तेव्हा गल्लीतून जाणारं सगळ्यात मोठं वाहन म्हणजे पालखी.

आज त्याच गल्लीत स्कूटर, मोटरसायकल आणि खाण्याची पार्सलं पोचवणारी मुलं धावतात, आणि तोंडाशी टोटो, म्हणजे ई-रिक्षा, उभ्या असतात. चालणाऱ्याच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की काही ठरावीक वाक्यं कानावर येतात. इथले रहिवासी ती म्हणतात, पाहुणेही म्हणतात. त्यातली बहुतेक चुकीची आहेत, आणि त्यांच्यामुळे माणसं जखमी होतात, म्हणून हा लेख.

"गल्लीत मोटार येत नाही, मग भीती कसली?"

आधी मापं बघू. इथल्या काही गल्ल्यांत दोन्ही हात पसरले की बोटं दोन्हीकडच्या भिंतींना टेकतात. म्हणजे रुंदी साधारण दीड मीटर. स्कूटरचं हँडल 70 सेंटिमीटरच्या आसपास, आरसे धरले तर आणखी थोडं. धडधाकट माणसाला खांद्यापाशी 50 ते 60 सेंटिमीटर लागतात. उरलेल्या वीस-तीस सेंटिमीटरमध्ये ओट्याची कड, उघडी नाली आणि दाराची पायरी. आजींच्या हातात काठी असेल तर तेवढंही उरत नाही.

आता वेग. ताशी 20 किलोमीटर हा वेग मोठ्या रस्त्यावर कुणाच्या खिजगणतीतही नसतो. पण त्या वेगाने गाडी सेकंदाला साडेपाच मीटर जाते. समोर माणूस दिसल्यापासून ब्रेकवर बोट दाबलं जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो आणि त्यापुढे थांबायला निदान तीन मीटर लागतात, तेही दगड कोरडा असेल तर. एकूण साडेआठ मीटर. गल्लीच्या वळणावर पुढचं दिसतं तीन-चार मीटर. म्हणजे वळणापलीकडे माणूस असेल तर ताशी 20 ने येणारा चालक कितीही कुशल असला तरी वेळेत थांबू शकत नाही. ताशी 10 ने आला तर साडेतीन मीटरमध्ये थांबतो. साडेआठ आणि साडेतीन मीटरमधला हा फरक म्हणजे कुणाच्या तरी मोडलेल्या खुब्याचा फरक आहे. वर ही दगडी फरसबंदी ओली असते. कुणी ओटा धुतलेला असतो, कुणी स्नान करून ओलेत्याने परतत असतं. पावसाळ्यात तर शेवाळ धरतं.

देशाचा आकडाही पाहावा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये भारतात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं मेली. त्यातली 32,825 पायी चालणारी होती, म्हणजे पाचातलं जवळजवळ एक. गल्लीत पडून घरी पडून राहिलेली म्हातारी माणसं अशा मोजणीत क्वचितच येतात, कारण पोलिसात कुणी जातच नाही. "पोरगं ओळखीतलंच होतं, जाऊ दे" म्हणून विषय संपतो.

"हॉर्न वाजवला की झालं"

उंच भिंतींच्या बोळात आवाज चहूकडून घुमतो. गाडी पुढून येते की मागून, हे ऐकून कळतच नाही. दचकलेला माणूस नेमका चुकीच्या बाजूला सरकतो. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी तर हॉर्न नसल्यासारखाच. शिवाय हॉर्न देणारा मनातून असं धरून चालतो की आता वाट मोकळी होणार, आणि वेग कमी करत नाही. वळणावर हॉर्नचा उपयोग वेग उतरवल्यानंतर; वेग उतरवण्याच्या बदली नाही.

"गाडीवर बसूनच घेतलं, तर कुणाचं काय गेलं?"

या गैरसमजावर जरा थांबायला हवं, कारण तो नवा आहे आणि झपाट्याने पसरतो आहे. गाडीतून न उतरता खिडकीशी खाणं घ्यायचं, याला सगळीकडे 'ड्राइव्ह-थ्रू' म्हणतात. मॅकडोनाल्ड्सची पहिली अशी खिडकी 1975 साली अमेरिकेत, ॲरिझोनातल्या सिएरा व्हिस्टा गावी उघडली. जवळच्या लष्करी तळावरच्या सैनिकांना गणवेशात बाहेर गाडीतून उतरायची मुभा नव्हती, म्हणून गाडीतच खाणं द्यायची सोय केली. ऐसपैस जागा, चालणारं माणूस विरळा, अशा ठिकाणची ही कल्पना. ती भर वस्तीत आणली की काय होतं? एका मोटारीला रांगेत सहा-सात मीटर लागतात, आठ मोटारी उभ्या राहिल्या की पन्नास मीटर. आवार पुरलं नाही की रांगेचं शेपूट रस्त्यावर येतं. प्रत्येक गाडी फुटपाथ दोनदा ओलांडते, आत शिरताना आणि बाहेर पडताना. आपल्याकडे डावीकडे वळून बाहेर पडणारा चालक उजवीकडून येणाऱ्या गाड्यांकडे बघत असतो. डावीकडून चालत येणारं मूल त्याच्या नजरेत नसतं. त्यात एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात सुट्टे पैसे. अशाच कारणांनी मिनिॲपोलिस शहराने 2019 मध्ये नव्या ड्राइव्ह-थ्रूंना बंदी घातली. मोटारींच्या देशातल्या शहराने घेतलेला हा निर्णय आहे, हे लक्षात घ्या.

दुर्गाघाटला असा आराखडा घेऊन कुणी येणार नाही, जागाच नाही. पण पाटी न लावताही ड्राइव्ह-थ्रू चालतं. ठठेरी बाजार आणि चौखंबा या भागात सकाळी कचोरी-जिलेबीच्या वेळी उभं राहून बघा. स्कूटर चालू, एक पाय दुकानाच्या पायरीवर, हातात द्रोण, मोबाइलवरून पैसे चालले आहेत. त्याच्या मागे दुसरी मोटरसायकल, तिच्या मागे सायकलला कॅन लावलेला दूधवाला. पंचगंगेवरून स्नान करून, हातात गंगाजळाचा गडू घेऊन परतणाऱ्या बाईंना दोनच वाटा राहतात: तापलेल्या सायलेन्सरच्या बाजूने किंवा नालीच्या बाजूने. पोटरीवर सायलेन्सरचा चटका घेऊन घरी आलेली माणसं इथे घरोघरी भेटतील.

"दोन मिनिटंच तर थांबलो" हे खरं असतं, पण त्याच्या मागून येणाराही दोन मिनिटंच थांबतो आणि त्याच्यामागचाही. दुकान उघडं आहे तोवर वाट अडलेलीच राहते. उपाय अगदी साधा आहे आणि त्याला सरकारी निधी लागत नाही: गाडीवर बसलेल्याला माल द्यायचा नाही, हे गल्लीतल्या दुकानदारांनी मिळून ठरवायचं. पार्सल पोचवणाऱ्या मुलांनी गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून आत चालत यायचं. त्यांची घाई त्यांच्या हौसेची नसते, वेळ बांधून देणाऱ्या कंपन्यांची असते. तेव्हा जुन्या वस्तीसाठी वेळेचं गणित कंपन्यांनीच बदललं पाहिजे.

"रस्ता रुंद केला की सगळं सुटेल"

काशीच्या चौक भागाला जोडणाऱ्या दालमंडी या गल्लीच्या रुंदीकरणाचा विषय गाजल्यापासून हे वाक्य जास्तच ऐकू येतं. रुंद रस्त्यावर गाड्या आधीपेक्षा जोरात जातात आणि काही काळाने संख्येनेही वाढतात, हे जगभर पाहिलं गेलं आहे. चालणाऱ्याच्या बाजूने हिशेब करा. म्हातारा माणूस सेकंदाला साधारण 80 सेंटिमीटर चालतो. तीन मीटरचा रस्ता तो चार सेकंदांत ओलांडतो, बारा मीटरचा पंधरा सेकंदांत. ताशी 30 ने येणारी मोटरसायकल त्या पंधरा सेकंदांत सव्वाशे मीटर अंतर कापते. म्हणजे रस्त्यावर पाऊल टाकताना जी गाडी दिसतही नव्हती, ती रस्ता निम्माशिम्मा ओलांडून होईतो अंगावर येते. रुंदीकरणातून मिळालेल्या जागेतून चालण्याची पट्टी आधी काढली आणि उरलेलं वाहनांना दिलं, तरच रुंदीचा फायदा. भारतीय रस्ते परिषदेच्या (इंडियन रोड्स काँग्रेस) मार्गदर्शक तत्त्वांत फुटपाथवर किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. मोकळी, म्हणजे खांब, पेट्या आणि उभ्या गाड्या वगळून.

"रोपवे झाला की गर्दी हटेल"

कँट स्टेशन ते गोदौलिया या रोपवेची पायाभरणी 24 मार्च 2023 ला झाली. क्षमता तासाला एका दिशेने तीन हजार माणसांची. रस्त्यावरच्या कितीतरी रिक्षा त्याने वाचतील, आणि मला ही योजना मनापासून आवडते. पण रोपवेतून उतरलेला प्रत्येक जण गोदौलियाला पादचारी होतो. तासाला तीन हजार माणसं उतरणार असतील तर खाली चालायची वाट तेवढीच मोठी हवी. आणि तिथून दुर्गाघाट पुढे दीड-दोन किलोमीटर राहतोच.

"गाड्या नसल्या की गर्दी आपली आपण निभावते"

15 ऑक्टोबर 2016 ला राजघाटच्या पुलावर चेंगराचेंगरीत किमान 24 माणसं गेली. दुर्गाघाटावरून नदीच्या खालच्या अंगाला दिसतो तोच हा मालवीय पूल. तिथे माणसांना गाडीने उडवलं नाही. अरुंद वाट, खच्चून गर्दी आणि पूल पडतोय अशी आवई एवढं पुरलं. आमच्याकडे ही भीती दरवर्षी पावसाळ्यात डोकं वर काढते. गंगा चढली की घाटाघाटांतला पायऱ्यांवरचा रस्ता पाण्याखाली जातो. एरवी पंचगंगेवरून मणिकर्णिकेपर्यंत काठाकाठाने चालणारी माणसं मग गल्ल्यांत येतात. देवदीपावलीला पाणी उतरलेलं असतं, पण माणसं अतोनात. अशा दिवशी गल्लीत भिंतीला लावून ठेवलेली एक मोटरसायकल लोंढ्याची रुंदी निम्मी करते. गर्दीच्या दिवसांत गल्लीतून उभी वाहनं आदल्या रात्रीच काढणं हे रोषणाईपेक्षा महत्त्वाचं काम आहे.

"वाहनबंदी म्हणजे धंद्यावर गदा"

महाराष्ट्रातल्या वाचकाला लांब जायला नको. माथेरानला दस्तुरी नाक्यावर मोटार सोडावी लागते, आणि तिथली बाजारपेठ चालणाऱ्यांच्याच जिवावर उभी आहे. पुणे महापालिका 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन करते. दिल्लीच्या चांदणी चौकात 2021 पासून सकाळी 9 ते रात्री 9 मोटारवाहनांना बंदी आहे. तिथे चोरून घुसणाऱ्या दुचाक्यांची तक्रार आहे, म्हणजे नुसता फलक लावून भागत नाही, माणूस उभा करावा लागतो. काशीतही महाशिवरात्र किंवा श्रावणी सोमवारी मैदागिन-गोदौलिया रस्ता वाहनांना बंद करतात आणि त्या दिवशी दुकानं ओस पडत नाहीत. स्कूटरवरून भुर्रकन गेलेला माणूस काय घेणार? थबकतो तो चालणारा.

"मग आजारी माणसाचं काय?"

हा प्रश्न खरा आहे आणि तो विचारणाऱ्यावर रागावू नये. पण इथे ॲम्ब्युलन्स आजही दारात येत नाही. रुग्णाला खुर्चीवर किंवा स्ट्रेचरवर मोठ्या रस्त्यापर्यंत न्यावं लागतं, आणि तेव्हा आडव्या येतात त्या भिंतीला लावलेल्या दुचाक्या. दीड मीटरच्या गल्लीत एक उभी स्कूटर आली की स्ट्रेचर आणि दोन्ही बाजूंनी धरणारी माणसं जाऊच शकत नाहीत. मोकळी गल्ली ही रुग्णाचीच सोय आहे. अपंग आणि रुग्ण यांच्यासाठी हळू चालणारं एखादं वाहन सोडता येईल, त्यालाही अट एकच: चालणाऱ्याच्या मागून, चालण्याच्या वेगाने.

"बघून चालता येत नाही का?"

कायदा चालणाऱ्याला असं झिडकारत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये सांगितलं की सुरक्षित, अडथळा नसलेला पदपथ हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 198-अ आलं. रस्त्याच्या आखणीत किंवा देखभालीत मानकं न पाळल्याने मृत्यू वा अपंगत्व आलं तर संबंधित यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे पडलेल्या माणसाला दोष देण्याआधी वाट कुणी, कशी ठेवली हे विचारायची सोय कायद्यातच आहे.

आता यात्रेला येणाऱ्यांसाठी. गाडी मैदागिनच्या आत नेण्याचा हट्ट ड्रायव्हरकडे धरू नका. ज्यांच्याकडे उतरणार त्यांना आदल्या दिवशी फोन करा. सामान न्यायला माणूस मिळतो, त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. वृद्धांना गल्लीत भिंतीच्या बाजूला ठेवा आणि आपण मधून चाला. मुलांचा हात वळणावर सोडू नका. पायांत रबरी तळाची चप्पल घाला. आणि कुणी दुचाकीवर "दारापर्यंत सोडतो" म्हणालं, तर नाही म्हणा. वाटेत तुमच्यासारख्याच कुणाच्या तरी आईला त्या गाडीसाठी नालीच्या कडेला सरकावं लागणार आहे.