सुईची जखम

रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्याला त्या शुश्रूषेतूनच रोग जडावा, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात नवी नव्हे. १८४७ साली व्हिएन्ना येथील अध्यापक याकोब कोलेत्श्का यांच्या बोटाला शवविच्छेदनाच्या वेळी सुरीची जखम झाली आणि त्या जखमेतील विषबाधेने त्यांचा अंत झाला. एचआयव्ही हा विषाणू १९८३ साली ओळखला गेला. लगेच पुढील वर्षी सुई टोचून एका परिचारिकेला त्याची बाधा झाल्याचे वृत्त वैद्यकीय नियतकालिकात आले. तेव्हापासून इस्पितळांतून एक भीती वावरू लागली.

ही भीती निराधार नाही. परंतु तिचे माप मात्र जाणून घ्यावयास हवे. बाधित रक्ताची सुई टोचली आणि कोणताही उपचार घेतला नाही, तर संसर्ग होण्याचा संभव हजारात सुमारे तीन इतका असतो. डोळ्यात किंवा तोंडात रक्त उडाल्यास तो हजारात एकाहूनही कमी होय. उलट, लस न घेतलेल्या व्यक्तीला ‘ब’ प्रकारच्या काविळीची बाधा अशाच सुईतून शंभरात सहा ते तीस इतक्या प्रमाणात होऊ शकते. म्हणूनच त्या काविळीची लस प्रत्येक आरोग्यसेवकाने घेतलेली असावी.

सर्वच जखमा सारख्या धोक्याच्या नसतात. जखम खोल असणे, सुईवर रक्त दिसणे, ती रुग्णाच्या शिरेतून वा धमनीतून आलेली असणे आणि रुग्णाचा आजार अखेरच्या अवस्थेत असणे, या गोष्टींनी धोका वाढतो, असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. झिडोव्ह्यूडिन हे औषध घेणाऱ्यांत तो सुमारे चार-पंचमांशाने घटल्याचेही त्यातच दिसून आले.

तेव्हा सुई टोचताच काय करावे? जखम साबणाने व पाण्याने धुवावी. ती पिळू नये, बोट तोंडात घालू नये. त्यानंतर विनाविलंब वरिष्ठांस कळवावे. प्रतिबंधक औषधे शक्य तर दोन तासांच्या आत व उशिरात उशिरा बहात्तर तासांच्या आत सुरू करून अठ्ठावीस दिवस घ्यावी लागतात. संकोचाने जखम लपविणारा ही मोलाची वेळ गमावून बसतो.

त्याहून श्रेयस्कर म्हणजे जखमच न होऊ देणे. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण बसवू नये. ती तत्काळ न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकावी. कचऱ्यात भिरकावलेली सुई डॉक्टरला नव्हे, तर सफाई कामगाराला टोचते, आणि ती कोणाच्या रक्ताची हे त्याला कधीच कळत नाही.

रुग्णाला नाकारणे हा मात्र उपाय नव्हे. ज्याची तपासणीच झालेली नाही असा रुग्णही बाधित असू शकतो. म्हणून प्रत्येकाचे रक्त सारख्याच सावधगिरीने हाताळणे हाच खरा मार्ग. भारतातील २०१७ च्या कायद्याने बाधितांना उपचार नाकारण्यास मनाई केली आहे; त्याच कायद्याने सेवकांना संरक्षक साधने, प्रशिक्षण व प्रतिबंधक औषधे पुरविण्याचे बंधन संस्थांवर घातले आहे. रुग्णाचा हक्क आणि सेवकाची सुरक्षितता परस्परविरोधी नाहीत. जेथे सेवक निर्धास्त असतो, तेथेच रुग्णाला निःशंक हातांची सेवा लाभते.